पळस उन्हाळ्यात का गळतो, आत्या

आत्या,

कसबा पेठेतल्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो, असं मी लोकांना सांगते. ते तितकंसं खरं नाही. खोलीत राहायची पानं. त्यांच्यातून उरलेल्या जागेत आपण. यवतमाळकडून ट्रकवर टाकून आलेले पळसाच्या पानांचे गठ्ठे भिंतीला लावून छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्या पुढ्यात आई, बाबा, तू आणि मी. आईच्या भाताला त्या पानांचा वास, माझ्या शाळेच्या फ्रॉकला तोच वास. वर्गातल्या मुली विचारायच्या, "तुमच्याकडे रोज पूजा असते का गं?" मी सरळ हो म्हणून टाकायचे.

पत्रावळी लावणं हा आपला धंदा. बांबूच्या बारीक काडीनं पानाला पान टाचायचं, गोल धरायचा, वजनाखाली दाबायचं आणि मंडईजवळच्या दुकानांत नेऊन घालायचं. पुण्याचं गिऱ्हाईक तुला चांगलंच ठाऊक. एकदा एक काका दुकानात पत्रावळ उलटीसुलटी करून तुला म्हणाले होते, "बाई, तुमच्या पत्रावळीतून आमटी खाली जाते. आम्ही जेवायचं कुठं, ताटात की फरशीवर?" तू एवढीशी नजर वर केलीस. "भराभर जेवा ना, काका. आमटी जाऊन राह्यली, तुमी बोलूनच राह्यले."

पण खरा जाच त्या काकांचा नव्हता, झाडाचा होता. पानं दिवाळीनंतर तोडायची, वाळवायची, गठ्ठे बांधायचे. कारण माघ लागला की पळस पिवळा पडणार आणि शिमग्याला उघडाबोडका होणार. आणि पत्रावळीला मागणी कधी? चैत्र-वैशाखात, लग्नसराईत. म्हणजे ऐन हंगामात झाडावर पान नाही. साठवलेल्या गठ्ठ्यांवर सगळा भरवसा. त्यातले काही किडायचे, काही हात लावला की चुरा व्हायचे. वैशाखात गठ्ठे संपले की काम संपलं. ज्या महिन्यात सगळ्या पेठांतून जेवणावळी उठायच्या, त्याच महिन्यात आपल्याकडे भाकरीबरोबर नुसतं तिखट असायचं. दुकानदार वर हसून म्हणायचा, "कुठंही जा बाई, पळसाला पानं तीनच." तू फणकारायचीस, "तीन असो का तीस, उनायात एकबी नाही!"

तुझं ते वाक्य मला आजही सगळ्या पुस्तकांपेक्षा बरोबर वाटतं.

तेव्हाच मी पहिल्यांदा विचारलं होतं. "आत्या, ऊन वाढतं तेव्हाच तर झाडाला सावली पाहिजे ना? मग नेमकी तेव्हाच ते पानं का टाकतं?" तू म्हणालीस, "रागावते ते. सालभर आपण ओरबाडतो. मंग ते म्हणते, घ्या, आता काहीच नाही." बाबा म्हणाले, देवाची करणी. मला दोन्ही उत्तरं पटली नाहीत, म्हणून मी बी.एस्सी. झाले. हे मी नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितलं. समोरचे साहेब हसले, पण नोकरी मिळाली.

आज हे सगळं पहिल्यापासून सांगतेय, कारण बातमी आहे आणि ती मी एकदम सांगणार नाही. तुला मधूनच सुरू केलेली गोष्ट चालायची नाही. "मुळापासून सांग वं, निम्मी," म्हणायचीस. तर मुळापासून ऐक.

थर्माकोलच्या ताटल्या आल्या आणि आपला धंदा बसला. देश खुला झाला, बाजार खुला झाला असं सगळे म्हणत होते. आपल्या दुकानदारानं एक पांढरी ताटली बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ही गळत नाही." बाबांनी ती बोटांत दाबून पाहिली, तिला तडा गेला. आपण कसबा सोडला. हडपसरला एका शेतकऱ्याच्या चाळीत खोली घेतली. बाबा मार्केट यार्डात हमालीला जाऊ लागले, तू आणि आई एका कारखान्याच्या खानावळीत भाज्या चिरायला. आणि त्या चाळीच्या कोपऱ्यात तू गावाहून पदराच्या गाठीत आणलेली पळसपापडी पुरलीस. चपटी शेंग, तिच्यात एकच बी. आई वैतागली होती. "ज्या झाडानं उपाशी ठेवलं तेच दारात लावता, वन्सं?" तू माती थापत म्हणालीस, "धंदा तं गेला. झाड तरी असू दे."

झाड वाढायला लागलं तशी मीही कॉलेजला जायला लागले. आपल्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी. हे वाक्य मी कुठंही, कधीही म्हणू शकते आणि दरवेळी तेवढंच बरं वाटतं.

तो दिवस आठवतो? मी बसमधून उतरून धावत आले होते. तू पायरीवर लसूण सोलत होतीस. मी दप्तरही न काढता सुरू झाले. "आत्या, कळलं! पानाच्या खालच्या अंगाला बारीक बारीक छिद्रं असतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यातून झाड सतत वाफ सोडतं. पावसाळ्यात चालतं, जमिनीत ओल असते. उन्हाळा लागला की जमीन कोरडी, वरून ऊन. एवढी पानं अंगावर ठेवली तर सगळं पाणी उडून जाईल. म्हणून झाड पानंच टाकून देतं. दुकानच बंद!"

तू लसणाची पाकळी सोलून ठेवलीस. "म्हंजे कंजूष हाय."

"शहाणं आहे."

"तेच ते. पुण्याचं पाणी लागलं त्याले."

मी एवढी हसले की पुढचं सांगायचंच राहिलं. ते दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि आपलं भांडण सुरू झालं. ते मात्र कधी संपलं नाही.

कारण दुसरी गोष्ट अशी होती की झाड पान आंधळेपणानं टाकत नाही. आधी पानातलं चांगलं चांगलं परत आत ओढून घेतं. म्हणून तर पान पिवळं पडतं. मग देठाच्या बुडाशी बुचासारखा पातळ पडदा धरतं, जखम राहू नये म्हणून. आणि मगच सोडतं. आणि तू काय करायचीस? हात तर धंद्यातले. माघ लागायच्या आत, पानं अजून हिरवी असताना, टोपली घेऊन पळसाखाली उभी. खालच्या फांद्यांवरचं एक पान सोडायची नाहीस. त्याच्या पत्रावळी लावायचीस, चाळीत कुणाकडे सत्यनारायण असला की फुकट वाटायचीस.

"आत्या, त्याची शिदोरी नेतेस तू. त्यानं ओढून घ्यायच्या आधीच तोडतेस."

"चार पानं घेतली तं काय झाड मरते?"

"मरत नाही, पण दमतं."

"मी बी दमतो. मले कोणी विचारत नाही." कधी कधी तू गावाकडच्या बायांसारखी पुरुषी बोलायचीस, मुद्दाम, मला चिडवायला. "आपोआप पडून मातीत जाईन, त्यापेक्षा कोणाच्या पंगतीले गेलं तं पुण्य तं लागन."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तू ऐकायची नाहीस. पिढ्यान्‌पिढ्या गळायच्या आधी तोडत आलेल्या हातांना पान गळू द्या म्हणणं म्हणजे सोनाराला सोनं रस्त्यात टाक म्हणण्यासारखं. वर्षं गेली. चाळीच्या जागेवर इमारत उभी राहिली. चाळीच्या मालकांनी बिल्डरला निक्षून सांगितलं, "आत्याबाईचं झाड हाय, त्याला हात लावायचा न्हाई," आणि बिल्डरनं कोपरा तसाच ठेवला. त्याच इमारतीत मी तळमजल्यावर फ्लॅट घेतला. चाळीतल्या खिडकीतून तुला पळस जेवढ्या अंतरावर दिसायचा, तेवढ्याच अंतरावर नवी खिडकी आली.

माझी नोकरी तुला नीट समजावून सांगायला मला बराच काळ लागला. आयटी पार्कमध्ये जाते, पण कॉम्प्युटरवर बसत नाही, झाडं बघते. "येवढं शिकून माळीण झाली?" असं तू सगळ्यांना विचारायचीस आणि मग सगळ्यांना हेही सांगायचीस की तिच्या हाताखाली वीस माळी आहेत. वीस नव्हते गं, पण मी कधी दुरुस्त केलं नाही. तिथले एक मॅनेजर मला म्हणाले होते, "मॅडम, पार्किंगमध्ये फार कचरा होतो. असं झाड नाही का जे पानं गाळतच नाही?" मी म्हटलं, "आहे ना सर. प्लास्टिकचं." हे घरी सांगितलं तेव्हा तुला चहाचा ठसका लागला. तो दिवस माझ्या पदवीदान समारंभापेक्षा मोठा.

तिसरी गोष्ट मी त्याच चहाच्या वेळी सांगितली. सगळ्यांत भारी! पाऊस यायला अजून अवकाश असतो, जमीन भाजत असते, आणि तरी पळसाला पालवी फुटते. पाणी कुठून येतं? तर पानं टाकली की वाफ उडायची थांबते. खोल गेलेली मुळं जे थोडंफार पाणी वर पाठवतात ते आता कुठंच जात नाही, खोडात भरत राहतं. तेवढ्या ओलीवर फांदीवरचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, फुगतात. म्हणजे जुनी पानं टाकल्यामुळेच नव्यांना पाणी मिळतं! तू कपातला चहा संपवलास. कप खाली ठेवलास. आणि पहिल्यांदाच वाद न घालता म्हणालीस, "असं हाय काय."

मग सोसायटीत नवी इंटरनेटची केबल आली. पळसाच्या एका अंगानं चर खणला गेला, मुळं तुटली. मागोमाग सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक बसवले, अगदी खोडाला भिडवून. त्या वर्षी पळस संक्रांतीच्या आधीच मोकळा झाला. तू घाबरलीस. मी सांगितलं, हिशेब तोच आहे. ओल संपली की पानं टाकायची. यंदा पाऊस ब्लॉकांवरून वाहून गेला, अर्धी मुळं राहिली नाहीत, म्हणून त्याची तंगी लवकर आली. गळणं वाईट नाही, इतक्या लवकर गळणं वाईट. ते झाडाचं ओरडणं आहे. त्या वैशाखात पालवी आली, पण विरळ.

आणि यंदा परत तेच. संक्रांतीच्या आधी पान नाही. शिमगा आला, फूलही नाही. तो पळस मोठा झाल्यापासून शिमग्याला फूल आलं नाही असं पहिल्यांदाच झालं. आमचा सेक्रेटरी समीर, वरच्या मजल्यावरचा, सॉफ्टवेअरवाला, चांगला पोरगा, पण त्याला त्या कोपऱ्यात पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा दिसत होती. वाळलेलं झाड म्हटलं की पाडायची परवानगी मिळायला अडचण नाही. अंगणात मीटिंग भरली. समीर म्हणाला, "मॅडम, तुमचं इमोशन मी रिस्पेक्ट करतो. पण इट्स डेड."

मी नखानं फांदीची साल खरवडून दाखवली. एका फांदीवर आत तपकिरी, वाळलेलं निघालं. दुसरीवर किंचित हिरवं, हवं त्याला दिसेल इतकंच. खरं सांगते आत्या, माझीच खात्री डळमळत होती. तेवढ्यात तू प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलीस आणि समीरच्या टकलाकडे बोट केलंस.

"ए बापू, तुह्या डोक्यावरचे बी लवकर गेले. तुले कोणी पाडलं का?"

सगळं अंगण हसलं. सगळ्यांत आधी समीर हसला, हे त्याचं मोठेपण. मग त्यानंच मुदत दिली. "ओके, आत्या. अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबू. तोपर्यंत एक पान दाखवा. नाहीतर अर्ज करतो." तू म्हणालीस, "एक कायले? तीन दाखवतो."

त्या रविवारी आम्ही खोडाभोवतीचे ब्लॉक उपटले. माझे दोन माळी आले, समीरनं स्वतः पहार धरली, हाताला फोड आले तर फोटो काढून ऑफिसात पाठवले. खाली माती विटेसारखी घट्ट झाली होती. ती भुसभुशीत केली, आळं केलं, पाणी हळूहळू जिरवलं. तू खुर्चीवरून हुकूम सोडत होतीस.

आता ती गोष्ट, जी आपण कधी बोललो नाही.

यंदा तू पानं तोडली नाहीस. तुझी टोपली पूर्ण थंडीभर खुंटीला तशीच होती. मी पाहिलं. पानं पिवळी पडली, एकेक करून खाली आली, तू खुर्ची टाकून बघत बसलीस. संध्याकाळी झाडून बुंध्याशी ढीग केलास. मी बोलले नाही, मला वाटलं बोलले तर तू उद्याच टोपली काढशील. तुला माझं पटलं होतं का? की नुसते हात दुखत होते? विचारायचं राहिलं. इतक्या वर्षांच्या भांडणात मी जिंकले की नाही तेसुद्धा मला कळू न देता तू गेलीस. हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणा.

पाडव्यानंतर तुला दवाखान्यात न्यावं लागलं. मी रोज ऑफिसातून आले की तू डॉक्टरांचं काय ते ऐकायचं सोडून एकच विचारायचीस. "फुटलं का?"

"अजून नाही गं."

हो म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण आपण दोघी झाडाच्या बाबतीत एकमेकींशी खोटं बोललो नाही. शेवटच्या संध्याकाळीही मी नाहीच म्हटलं. तू डोळे मिटून म्हणालीस, "येईन. तुले कायची घाई हाय?"

घाई मला नव्हती, आत्या. तुझ्यासाठी होती.

तेराव्याला केटररनं थर्माकोलच्या ताटल्या आणल्या. तुझ्या तेराव्याला! आई आतल्या खोलीत जाऊन बसली. मी त्याला म्हटलं, "अहो, हे परत न्या. तुमचं चुकलं नाही, पण हे घर वेगळं आहे." मंडईत जाऊन पानांचा गठ्ठा आणला, बांबूच्या काड्या आणल्या. आई आणि मी पत्रावळी लावायला बसलो. माझी बोटं विसरली असतील असं वाटलं होतं. पहिल्या दोन वाकड्या झाल्या, तिसरी गोल आली. भिजवलेल्या पानांचा तो वास घरभर झाला आणि बाबा दारात येऊन नुसते उभे राहिले. जेवताना समीर हळूच म्हणाला, "मॅडम, थोडं लीक होतंय." मी म्हटलं, "भराभर जेव." आणि तुझ्या आवाजात बोलले म्हणून मलाच हसू फुटलं, आणि हसता हसता दुसरंही.

लोक मला म्हणतात, पानगळ झाली, आता पालवी येईल, दुःख करू नकोस. मला ती उपमा नको. तू पान नव्हतीस. पान पुन्हा येतं.

आता बातमी.

परवा सकाळी मी कुकर लावत होते. खिडकीबाहेरून समीर ओरडला, "मॅडम, बाहेर या! पटकन! चप्पल राहू द्या!" मी तशीच धावले. तो पळसाखाली मोबाइल वर धरून उभा. "तिकडे, चराच्या उलट बाजूला. मी झूम करतो." झूम कशाला? मला दिसलं! मी ज्या फांदीची साल खरवडली होती आणि आत किंचित हिरवं दिसलं होतं, तिच्याच वरच्या डोळ्यातून. मखमलीसारखं, तांबूस, अजून मिटलेलं, आणि मोजलं तर तीन. मी तिथंच टाळ्या वाजवल्या, आयटी पार्कची मोठी बाई. आई खिडकीतून विचारतेय काय झालं, बाबा काठी शोधतायत, आणि समीर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतोय. खाली त्यानं लिहिलं, "आत्या वॉज राइट."

कालपर्यंत शेजारच्या फांद्याही फुगल्या. चर खणला तिकडे उशीर होईल, काही फांद्या कदाचित वाळतीलच, ते मी समीरला आधीच सांगून ठेवलंय. तुझी टोपली मी खुंटीवर तशीच ठेवलीय. पानं तोडणार नाही. यंदाची सगळी त्याची.

आज अक्षय्य तृतीया. सकाळी अंगणात मीटिंग झाली. झाड पाडायचं नाही असं ठरलं. बुंध्याभोवती पुन्हा ब्लॉक बसवायचे नाहीत असंही ठरलं. समीरनं पाहुण्यांच्या गाड्यांची सोय मागच्या बाजूला केली.

पळस जिवंत आहे, आत्या. कोपरा त्याचाच राहिला.